आजींचं ‘हाव’

नागपुरात शिक्षण पुरं करून मी खामगावला आलो आणि तिथून बैलगाडीनं जवळच्या एका खेड्यात ख्रिस्ती उपदेशक म्हणून गेलो. जवळ बारा पानी उपदेश होता आणि अंगात भलतीच ऐट.

पहिल्या रविवारी वाचायला लागलो, तर पुढे बसलेल्या एक आजी प्रत्येक वाक्याला मोठ्यानं “हाव” म्हणत. त्यांचं पाहून सगळी मंडळी “हाव, हाव” करू लागली. आमच्या वऱ्हाडात गोष्ट ऐकणारा असा ‘हो’चा हुंकार देतोच, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण मी शिकून आलो होतो ना! चिडून म्हणालो, “देवाच्या घरात गप्प बसावं.”

पुढच्या रविवारी सगळे गप्प. सहाव्या पानावर मान वर केली, तर अर्धी मंडळी झोपलेली. उपासना संपल्यावर मी आजींना विचारलं, “आज ‘हाव’ काऊन नाही म्हटलं?”

“तुम्हीच त मना केलं. मले वाटलं, तुम्ही आपल्यापुरतंच वाचून राह्यले.”

तिसऱ्या रविवारी कागद घरीच ठेवले आणि नुसतं बायबल उघडलं. घर सोडून गेलेल्या, सगळं उधळून परत आलेल्या मुलाची गोष्ट सांगू लागलो. दर वाक्याला “हाव” येई आणि मला हुरूप चढे. मुलगा दाराशी आला, तिथं थांबून मी विचारलं, “मंग बापानं त्याले घरात घेतलं असन का?”

“घेतलंच असन ना!” आजी माझ्यावरच खेकसल्या. “बाप व्हय तो!”

मी बायबल मिटलं. बाराही पानांत मला एवढं सांगता आलं नव्हतं.