भिकूतात्या पाणी प्यायले

भिकूतात्या गेल्याचं मला दवाखान्यात कळलं, मलमपट्टी करता करता. शिपाई आला, तात्यांची दवंडीची पितळी थाळी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "सिस्टर, आता ही कोणाच्या ताब्यात द्यायची?" माणूस गेला हे सांगायच्या आधी थाळीची चौकशी! मी त्याच्यावर अशी खेकसले की रांगेतली माणसं दचकली. मग आत औषधांच्या खोलीत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. महिना होत आला त्याला.

मी मालाडच्या म्युनिसिपल दवाखान्यात नर्स. तात्या म्युनिसिपालटीचे दवंडीवाले, मूळचे मालवणकडचे. आमच्या बाजूला रेडिओ दोन-चार घरांत, वर्तमानपत्र अख्ख्या चाळीत एक, तेही शेवटच्या खोलीत पोचेपर्यंत शिळं होऊन. त्यामुळे सरकार म्हणजे काय, तर तात्यांचा आवाज. नळाला पाणी कधी येणार, देवीची लस टोचायला पोरं कुठे आणायची, सगळं तेच सांगायचे. स्वतःला अक्षर म्हणून वाचता येत नव्हतं. सकाळी माझ्यासमोर स्टुलावर बसायचे, मी कागद वाचायची, ते डोळे मिटून घोकायचे आणि उठताना न चुकता विचारायचे, "खरां मां, गो बाय?" मी "हो" म्हटलं की निघाले. एकदा मी नळाची वेळ चुकीची सांगितली, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "माझां तोंड खोटां पाडलंस," म्हणाले. असा मानी माणूस!

आणि मग ती मेली साथ आली. ताप, अंग मोडून येणं आणि खोकला... छातीत कोणी रंधा मारतंय असा खोकला. म्हातारी माणसं कुजबुजायला लागली, मानमोडी परत आली म्हणून. त्यांच्या लहानपणी त्या तापाने घरंच्या घरं बसवली होती. आठवडाभरात वरून कागद आला. हा साधा हंगामी ताप आहे, काळजीचं कारण नाही, घाबरून कोणी घर सोडून बाहेरगावी जाऊ नये. मी तो तात्यांना वाचून दाखवला. आदल्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर दोन धडधाकट माणसं श्वासासाठी तडफडून गेली होती. तात्यांनी डोळे उघडले. "खरां मां, गो बाय?" मी कागदाची घडी घालत म्हटलं, "हो तात्या, खरं."

दोन-तीन दिवस लोकांनी ऐकून घेतलं. पण ज्या चाळीत आज दवंडी, त्या चाळीत उद्या तिरडी, असं व्हायला लागलं. व्हायचंच ते, साथ तर सगळीकडेच होती. पण लोकांनी त्याची सांगड तात्यांशी घातली. कोकणातल्या लोकांत एक समजूत असते, तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर लगेच ओ देऊ नये, हाक मारणारा माणूसच असेल असं नाही. आमच्याकडे भर दिवसा अकरा वाजता माणसं तात्यांच्या हाकेला ओ देईनाशी झाली. थाळी वाजली की दारं लागायची, खिडक्या लागायच्या, रडतं पोरसुद्धा गप्प व्हायचं. मी एकदा त्यांच्याबरोबर होते. चाळीत एक माणूस दिसेना. तात्या ओरडले, "ऐका हो ऐका!" बंद दारामागून खोकला आला. मग शेजारच्या दारामागून. मग वरच्या मजल्यावरून... तात्या थाळी खाली करून म्हणाले, "आज खोकल्यानच जवाब दिल्यान."

पण खरी वाट लागली ती आजाऱ्यांची. दारं आम्हालाही बंद. दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही, अशी आवई उठलेली. मी मिक्श्चरच्या बाटल्या घेऊन दारोदार हिंडायची, कड्या वाजवायची, कोणी हूं की चूं करायचं नाही. आत माणसं कोंडलेल्या हवेत धापा टाकत पडलेली आणि बाहेर मी, पिशवी घेऊन. चीड यायची. पण कोणावर चिडणार?

मग एका दुपारी मी तात्यांबरोबर दवंडीला गेले असताना सावित्रीकाकूंचं दार वीतभर उघडलं. या काकू म्हणजे चाळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. फटीतून नुसता हात बाहेर आला, हातात पाण्याचा पेला. आतून आवाज आला, "काळजीचं कारण नाही म्हणतोस ना? मग पी हे. तापाने फणफणलेल्या माझ्या लेकाचं उष्टं आहे." तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'तात्या, नको' एवढंच म्हणायचं होतं मला. मी मूग गिळून उभी राहिले. त्यांनी पेला घेतला आणि घटाघटा रिकामा केला. लगेच शेजारचं दार किलकिलं झालं. तिथूनही एक हात, एक पेला. मग पुढचं दार. तोंडं दिसत नव्हती, नुसते बांगड्या भरलेले हात आणि पेले... तात्या पीत गेले. आणि आमच्या पाठीमागे एकेक दार पुरतं उघडत गेलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा आत शिरले, खिडक्या उघडल्या, औषध पाजलं. काकूंचा मुलगा वाचला. पुष्कळ वाचले. तात्या पाच दिवसांनी पडले.

त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा ओठ निळसर दिसत होते. मी उशाशी बसले. त्यांनीच विचारलं, "तुझो झील पुण्यात बरो आसा मां?"

ज्या दिवशी तो कागद आला, त्याच संध्याकाळी मी माझ्या नऊ वर्षांच्या अरूला पुण्याला भावाकडे धाडलं होतं. लोकांना सांगायचं 'घर सोडू नका', आणि आपलं पोर तेवढं बाहेर! त्याची ट्रंक स्टेशनवर तात्यांनीच नेली होती. मामेभावाची मुंज आहे, असं मी त्यांना सांगितलं होतं.

"आषाढात मुंज खंय असता, गो बाय?" तात्या म्हणाले. हसले बहुतेक. मग खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

"तुम्हाला माहीत होतं? मग प्यायलात कशाला, तात्या?" मी जवळजवळ ओरडलेच.

"लोकां आत घुसमटत होती. दारां उघडूक होयी होती," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर असताना ते गेले.

साथ अजून पुरती सरलेली नाही. मी रोज अकराला त्या चाळीत जाते आणि कडी वाजवायच्या आत दारं उघडतात. लोक मला बसायला पाट देतात. काकू सगळ्यांना सांगतात, सिस्टर खोटं बोलायची नाही, तिच्या शब्दावर आमचा तात्या पाणी प्यायला. मी मान खाली घालून ताप बघते. तीन आठवडे ही थोरवी मी गुपचूप मिरवली, आता मला ती पेलवत नाही, म्हणून हे सगळं लिहून वर्तमानपत्राच्या रविवारच्या अंकाला दिलं आहे. काकूंना वाचता येत नाही. पण रविवारचा अंक त्यांची नात त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. सोमवारी अकरा वाजता मी काकूंच्या दाराशी असेन. त्यांच्या सुनेला कालपासून ताप आहे.