तिसरा आला की

"चालू द्या तुमचं," असं म्हणून ते कप उचलायचे आणि निघायचे. कॉफी मशीनपाशी ते आणि मी दोघंच असलो की त्यांच्या गप्पांना नुसता ऊत. तिसरा माणूस आला की यांचा पाय निघालाच.

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या आमच्या विमा कंपनीत आम्ही मराठी माणसं पाच-सहा. कॉफीला जायचं ते घोळक्यानं. परदेशात नोकरी केली असेल तर हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. आमच्यातल्या पुणेकरानं शोध लावला, "अरे, हे तर आपल्यातलेच! तीन तिगाडा, काम बिगाडा मानतात यार." तेव्हापासून पगार विभागातले हे पन्नाशी ओलांडलेले कृष्णवर्णीय गृहस्थ पाठीमागे आमचे तिगाडाकाका झाले. मीही हसायचे.

एकदा बर्फामुळे ऑफिसात आम्ही दोघंच पोचलो. मी हसत हसत ती म्हण त्यांना समजावली. ते हसले नाहीत.

"कोर्टाच्या हुकमानं आम्हा काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घातलं," ते म्हणाले. "आम्ही तिघं एकत्र दिसलो की तो कट. गोरी मुलं दहा-दहा उभी राहायची, ती मैत्री."

बास्केटबॉलच्या संघात कोण आलं ते बघायला ते आणि त्यांचे दोन मित्र शाळेच्या नोटीस बोर्डापाशी थांबले होते. तेवढ्यावरून तिघांना शाळेतून काढलं. मित्रांच्या वडिलांनी माफी मागितली, मुलं परत गेली. यांचे वडील म्हणाले, "उभं राहण्याची कसली माफी?" यांची शाळा सुटली ती सुटलीच. परीक्षा त्यांनी पुढे बाहेरून दिली, पण मित्र काही बाहेरून मिळत नाहीत.

मी नागपूरची. म्हटलं, "जातीमुळे माझ्या आजोबांना वर्गाबाहेर बसवायचे."

"त्यांना आत घेतलंच नाही. मला घेतलं आणि मग काढलं. जास्त कशानं लागतं, ते त्यांना विचारायला हवं होतं."

त्यानंतर कुणी तिगाडाकाका म्हटलं की मला ते सहन व्हायचं नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांचा चेहरा एकदम उजळला. शाळेतल्या त्या दोन मित्रांपैकी एकाचा फोन आला होता: वर्गाचा मेळावा आहे, तू यायचंच. "मी कुठे त्या वर्गातून पास झालो?" असं आठवडाभर म्हणत त्यांनी नवा कोट घेतला आणि मला दाखवायला ऑफिसात घालून आले.

"ओळखतील ना मला?"

"न ओळखायला काय झालं?" मी म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला काही विचारलं असेल तर हेच.

सोमवारी मी कोटही न काढता त्यांच्या टेबलापाशी गेले. "भेटले?"

"दिसले. हॉलच्या दारात उभे होते दोघं. मी पार्किंगमध्ये, गाडीत."

"मग?"

"एक पाय खाली ठेवलाही होता मी."

मला रडूच आलं. "जायचं होतं हो!"

"गप्पा छान रंगल्या होत्या त्यांच्या," ते म्हणाले. "मी गेलो असतो, तर तिघं झालो असतो."