दोन भागीदारांचं एक टेबल

"सुतार करवत घेऊन येतोय. टेबलाचा मध्य कुठे येतो तेवढं सांगा," सावंतशेठ म्हणाले.

समोरच बसलेले परबशेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला सांगा, ज्याची बाजू त्याचीच. अदलाबदल नाही."

दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. परळमध्ये गिरण्यांना शटल-बॉबिन पुरवायचा त्यांचा वडिलांपासूनचा भागीदारीतला धंदा. संपानंतर गिऱ्हाईकच उरलं नाही, आणि दोष कुणाचा यावरून दोघांचं फाटलं. बाकी वाटण्या झाल्या होत्या. दोघांचे वडील ज्याच्यापाशी बसत ते टेबल मात्र दोघांनाही हवं होतं.

मी तेव्हा फोर्टमधल्या एका लिलाव कंपनीत जुन्या फर्निचरचं व्हॅल्युएशन करत असे. घरातली पहिली ग्रॅज्युएट. शाळेत आम्ही मांडीवर पाटी घेऊन लिहिलं, त्यामुळे असं टेबल पुढ्यात आलं की हात लावायलाही भीड वाटे.

याला पार्टनर्स डेस्क म्हणतात. विलायतेतल्या पेढ्यांत दोन भागीदार समोरासमोर बसत, म्हणून ड्रॉवर दोन्ही बाजूंना. न उठता कागद पलीकडे सरकवता येतो. हे इथल्याच सुतारांनी बर्मा टीकमध्ये केलेलं होतं.

ऑफिसात फोन लावला. सर म्हणाले, "कापलं तर दोघांनाही सरपण मिळेल. यातली काही म्हणजे दोन टेबलं पाठीला पाठ लावून जोडलेली असतात. खाली शिरून बघ."

पदर खोचला, टॉर्च घेतला आणि शिरले. मधोमध सरळ, केसाएवढी फट. सगळा जोड लाकडी खुंट्यांचा, एकही खिळा नाही.

"करवत राहू द्या," मी सुताराला म्हटलं. वरचं रेक्झिन सोडवलं, खुंट्या हलकेच ठोकल्या. एका टेबलाची दोन झाली, कुठे कपचाही उडाला नाही. ज्यानं जोडलं त्यानं सुटायचीही सोय ठेवली होती, आणि इतकी वर्षं ती कुणाला दिसू दिली नव्हती. मी बघतच राहिले.

मागच्या फळ्या मात्र कोऱ्या होत्या.

"इथे पॉलिश नाही?" परबशेठनी विचारलं.

"ही बाजू कधी दिसणारच नव्हती. आता भिंतीला लावावी लागेल."

हमाल परबशेठचं टेबल घेऊन जिन्याकडे वळले, तसे सावंतशेठ ताडकन उठले.

"दत्त्या, आडवा धरूक सांग त्यांका! कोपरो लागतलो!"

"बघतंय रे," परबशेठ म्हणाले.

टेबलं दोन घरी गेली. कंपनीला लिलावासाठी काहीच मिळालं नाही. तेव्हापासून पार्टनर्स डेस्क बघायला गेले की आधी जोड तपासते. भागीदारांचं मग बघते.