प्रोग्रामला पत्ता सांगावा लागतो

सपोर्टचा फोन उचलणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही, तेच सकाळी दहापासून रिंग करतात! अंबरनाथ ईस्टला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. कारखान्यांसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर बनवतो. केमिकलचं नाव टाकायचं, ते अंगावर सांडलं तर काय करायचं त्याचं पान उघडतं. बनवलंय वैशालीताईंनी. फोन घेतो मी.

गोम एकच आहे. ही पानं प्रोग्राम जिथे इन्स्टॉल होतो त्या फोल्डरमध्ये असतात, आणि तो फोल्डर कुठला हे चालू होतानाच प्रोग्रामला सांगावं लागतं. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट ते काम करतो. सांगितलं नाही तर प्रोग्राम उघडतो, पण पान कोरं!

* * *

उल्हासनगरच्या एका डाइंग युनिटच्या मालकांना सगळे साईं म्हणतात. नव्या कॉम्प्युटरवर काहीच दिसेना म्हणून त्यांचा फोन आला.

"साईं, इन्स्टॉल कसं केलंत?"

"इन्स्टॉल कशाला? जुन्यावरून आयकॉन पेनड्राइव्हमध्ये घालून आणला ना! पूरा का पूरा. एक कोपरा पण मागे नाही ठेवला!"

* * *

एका लॅबच्या इनचार्जसाहेबांनी फोल्डरला स्वतःचं पूर्ण नाव दिलं. नावातल्या पहिल्या मोकळ्या जागेपाशी पत्ता संपला असं प्रोग्राम समजायचा. ताई म्हणाल्या, पत्ता अवतरणचिन्हांत घाला. साहेबांना ते पटेना.

"म्हणजे तो माझं नाव वाचतो आणि वडिलांचं गाळतो. हे काही बरं नाही."

* * *

बदलापूरच्या कारखान्यात नवीन व्हर्जन टाकलं, शॉर्टकट मात्र जुन्याच फोल्डरचा पत्ता देत राहिला. मॉक ड्रिलच्या, म्हणजे अपघाताच्या तालमीच्या दिवशी जुन्याच पानावरचा डॉक्टरांचा नंबर लागला. पलीकडून आवाज आला, "मी रिटायर झालोय. पण पेशंट कुठाय? येतो!"

आले, रिक्षा करून. बेशुद्धीचं नाटक करणाऱ्या ऑपरेटरचं बीपी त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "ड्रिल बंद करा. याला खरंच दवाखान्यात न्या."

* * *

एका ऑफिसमधल्या बाईंनी इन्स्पेक्शनसाठी चाळीस पानं छापून फाइलला लावली. वर हेडिंग, खाली कोरं, आणि प्रत्येक पानावर मॅनेजरची सही! मी विचारलं, "सही करताना साहेब काही बोलले नाहीत?"

"बोलले ना. म्हणाले, अक्षर सुटसुटीत आहे."

* * *

मोरिवलीचा फोन मात्र वेगळा होता. सुपरवायझर एका दमात बोलला. "आमच्या हेल्परच्या, काळूच्या डोळ्यांत कॉस्टिक सोडा उडालाय. पान कोरं येतंय!"

शॉर्टकट कोणीतरी उडवला होता. म्हणून सुपरवायझरने थेट प्रोग्रामच उघडला होता, फोल्डरचा पत्ता न देता. मी विचारत बसलो, कुठल्या ड्राइव्हवर आहे, बघा जरा. वैशालीताईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"स्पीकरवर टाका! पाणी! आधी पाणी! डोळे चोळू नका, नळाखाली धरा! गाडी येईपर्यंत नळ बंद करायचा नाही!"

फोन ठेवल्यावर त्या खुर्चीत बसल्या. दुपारचा डबा उघडलाच नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रोग्राम बदलला. आता पत्ता मिळाला नाही तर कोरं पान येत नाही, मोठ्या लाल अक्षरांत येतं: 'आधी पाण्याने धुवा. डोळे चोळू नका.'

महिन्याभराने काळू वांगणीकडच्या पाड्यावरून बायकोला घेऊन ऑफिसात आला. एका डोळ्याला अजून अंधुक दिसत होतं, दुसरा वाचला होता. त्याने विचारलं, "पानी पानी कोन वरडत व्हतं?"

मी ताईंकडे बोट केलं. त्यांनी त्याला स्क्रीनजवळ नेलं आणि ती लाल अक्षरं दाखवली. "हे तुमच्यामुळे केलं, काळूभाऊ."

तो वाकून बघत राहिला. मग सरळ झाला.

"चांगला केलास, बाय. पन मना वाचता नाय येत. तू वरडलीस तवा कलला."

ती दोघं गेली. वैशालीताई उठल्या. त्यांनी खिडकी लावली, पंखा बंद केला, माझ्या फोनची रिंग बंद केली. मग कॉम्प्युटरचा माइक ओढून जवळ घेतला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.