पेठेच्या दोन्ही बाजू

यादवराव ओव्हाळ सरांची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली. गौरवग्रंथात एवढं उघड लिहू नये, असं संपादक मंडळींचं मत पडलं. पण सरांनी आपल्या चित्रात कधी कुणाच्या घराचा गळका पाइपसुद्धा लपवला नाही. मग त्यांच्याविषयी लिहिताना मी सुरुवातच कशी गाळू?

मी वाशीची, लग्न होऊन धाराशिवला आले. शाळेत मराठी शिकवण्यासाठी सोमवारी रुजू व्हायचं होतं, म्हणून रविवारी दुपारी जुन्या पेठेत बांगड्या घ्यायला गेले. दुकानाच्या दारात उभी राहून भाव करत होते, तोच पाठीमागून आवाज आला, "बाई, जरा सरका. दार झाकलंय." वळून पाहिलं, तर समोरच्या अत्तराच्या दुकानाच्या पायरीवर एक सडसडीत गृहस्थ बसलेले होते. मांडीवर फळी, फळीवर कागद, शेजारी शाईची दौत आणि हातात टाक. रस्ता तुमच्या मालकीचा आहे का, असं मी फणकाऱ्यानं विचारलं. रस्ता सगळ्यांचा आहे, पण दारावरचं ऊन आता जायला निघालंय, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि माझ्या सरकण्याची वाट पाहत राहिले. मी मुद्दाम हलले नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत शिरले, तर तेच गृहस्थ उठून मला खुर्ची देत होते. ते आमचे चित्रकला शिक्षक. त्या दिवसापासून आजतागायत ते मला 'बाई' म्हणतात आणि मी त्यांना 'सर'.

सरांची काम करण्याची तऱ्हा पेठेतल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पेन्सिल नाही, खोडरबर नाही, थेट शाई. रेघ चुकली तर ती तशीच राहणार आणि पुढची रेघ तिला सांभाळून घेणार. सावली भरायची तीही रेघांवर रेघा ओढून. त्या रेघा ते श्वास रोखून एका दमात ओढत. लाकडी महिरप, दगडी तोडे, कोनाडे तर ते काढतच, पण विजेच्या तारांचा गुंता, मोबाईल रिचार्जची पाटी, गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल, हेही सारं कागदावर येई. एका कापड दुकानदारांनी एकदा विनंती केली की वरच्या मजल्याला लावलेला पत्रा तेवढा वगळा, चित्र देखणं होईल. सर म्हणाले, "शेठ, पत्रा तुम्ही लावलाय. मी कसा गाळू?" शेठ महिनाभर बोलले नाहीत. नंतर त्यांनी खरोखरच पत्रा उतरवला आणि तुळया पुन्हा दिसू लागल्या. सरांनी मात्र जुना कागद बदलला नाही, शेजारी नवा जोडला.

दुसरा नेम याहून कडक होता. बंद दार ते काढत नसत. दुकानाचं असो की घराचं, दार उघडं असलं पाहिजे आणि आतला माणूस निदान अर्धा तरी दिसला पाहिजे. नुसत्या भिंतींचं चित्र मला काय करायचंय, असं ते म्हणत. या नेमापायी सुट्टीच्या दिवशी रिकाम्या हातानं परत येताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलं आहे.

काहीही न गाळता सगळं काढायचा हा हट्ट कशासाठी, असं मी एकदा त्यांना विचारलं. उत्तरादाखल त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली, ती शाळेतही ते विचारणाऱ्याला मोकळेपणानं सांगत. वडील ढोकीहून पोटासाठी इथं आले आणि याच पेठेत त्यांनी हमाली केली. पेठेतलं प्रत्येक दुकान त्यांच्या पायाखालचं होतं. लहानपणी सरांनी त्यांना विचारलं होतं की मोठ्या पेढीच्या माडीवर नक्षी कसली आहे. वडील म्हणाले, "मला काय ठावं, पोरा? पोत्याखालून नुसत्या पायऱ्या दिसत्यात." हे सांगून झाल्यावर सर टाक पुसत म्हणाले, "म्हणून मी वरचं सगळं काढतो, बाई. पार कौलापर्यंत."

त्या काळी पेठेत कुणाच्याही पायरीवर बसणं सगळ्यांनाच सोपं नव्हतं. अत्तरवाल्या मुनीरभाईंच्या वडिलांनी मात्र सरांच्या वडिलांना पोतं टेकवायला आपली पायरी दिली होती, पाणीही दिलं होतं. पुढं मुनीरभाईंनी तीच पायरी सरांना दिली. फळी घेऊन सर आले की मुनीरभाई गिऱ्हाइकाला बाजूनं वाट दाखवत आणि म्हणत, "बैठो सर, पायरी तुमचीच हाय." त्या पायरीवर बसून सरांनी समोरची अख्खी रांग काढली, चौकापासून वेशीपर्यंत. कागदाला कागद जोडून तयार झालेलं ते चित्र उलगडलं की शाळेचा व्हरांडा पुरत नसे.

त्या रांगेत माझ्या यजमानांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून मान वाकवून बसलेली नखाएवढी आकृती, ते हे. यजमान गेले तेव्हा घरी येणाऱ्यांनी समजुतीचं खूप काही सांगितलं. सर आले ते जोडचित्रातला दुकानाचा कागद घेऊन. तो त्यांनी आमच्या भिंतीवर लावला आणि चहा घेऊन निघून गेले. जोडचित्रातून तो कागद काढल्यामुळे मध्ये भगदाड पडलं होतं, हे मला पुढं शाळेतल्या प्रदर्शनात दिसलं. एका पाहुण्यांनी तिथं काय होतं असं विचारलं, तेव्हा सर म्हणाले, तो कागद सध्या कामावर आहे. वर्षभरानं मी स्वतःच तो परत नेऊन दिला. आज त्या दुकानात मोबाईलची कव्हरं विकतात. यजमानांना बघायचं झालं की मी सरांकडे जाते, हे मला इथं लिहायचंच होतं.

आणि मग रस्ता रुंद करायचं ठरलं. टेप घेऊन माणसं आली, मोजमाप झालं, भिंतींवर लाल खुणा उमटल्या. मला वाटलं, सरांनी अगदी वेळेवर काम पुरं केलं. मी लगबगीनं पेठेत गेले, तर सर रस्त्याच्या मधोमध उभे होते. खुणा समोरच्या रांगेवर नव्हत्याच. त्या होत्या मुनीरभाईंच्या रांगेवर, म्हणजे जिथं बसून सर इतकी वर्षं चित्र काढत आले त्या बाजूला. त्या बाजूची एक वीटसुद्धा त्यांनी कधी काढली नव्हती. पाठ टेकून बसलेल्या माणसाला मागचं कसं दिसणार?

"आयुष्यभर मी हिच्याकडं पाठ करून बसलो, बाई," ते म्हणाले. मला त्यांचा चेहरा बघवेना.

तेव्हा सरांनी सत्तरी ओलांडली होती. उजव्या हाताला कंप सुटला होता आणि डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं होतं. मी सुचवलं की मोबाईलवर फोटो काढून ठेवू, मग घरी बसून सावकाश काढा. ते म्हणाले, "फोटो काढला की माणूस बघायचं सोडतो. मला बघायचंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं स्टूल बांगडीवाल्यांच्या दारात, म्हणजे बरोबर समोर, नेऊन ठेवलं.

पण अडचण निराळीच निघाली. बांगडीवाल्यांच्या बाजूला सावली फक्त सकाळी असते. दुपारी ऊन थेट तोंडावर येतं, कागद पांढरा लख्ख होतो आणि डोळे दिपतात. सकाळी बसावं, तर त्या वेळी पेठेत एकही दुकान उघडलेलं नसतं, आणि बंद दार तर सर काढत नाहीत. या वेळी तरी नेम मोडा, असं आम्ही सगळ्यांनी विनवलं. सर डोक्याला टॉवेल बांधून दुपारच्या उन्हात बसू लागले. तिसऱ्याच दिवशी त्यांना भोवळ आली.

त्यांना घरी पोचवून मुनीरभाई परतले आणि रांगेतल्या दुकानदारांशी बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाले फिरत होते, तेव्हाच मुनीरभाईंनी दुकान उघडलं. शेजारच्या शिंप्यांनी उघडलं, भांडीवाल्यांनी उघडलं. पत्रा उतरवणाऱ्या शेठजींचं दुकान समोरच्या रांगेत, त्यांचा काही संबंध नव्हता, तरी ते सरांसाठी थर्मास घेऊन आले. गिऱ्हाईक नाही, विक्री नाही, दारं सताड उघडी आणि आत माणसं बसलेली, असं ते रोज चाललं. मी विचारलं, तेव्हा मुनीरभाई म्हणाले, "दुकान तर जानेवालाच हाय बाई. पर बंद दुकान म्हणून न्हाय जाणार."

सर डाव्या हातानं उजवं मनगट धरून काढत होते. पूर्वी एका दमात ओढलेली रेघ आता तुकड्यातुकड्यानं येई. एका चाहत्यानं दिलेला जाड टोकाचा नवा पेन त्यांनी परत केला, कारण थरथर लपवणारी रेघ त्यांना नको होती. चौकाच्या बाजूनं पाडकाम सुरू झालं आणि यंत्र एकेक दुकान पुढं येऊ लागलं. सर त्याच्या पुढं राहत. धूळ दौतीत पडे, ते शाई गाळून घेत. कुणी घाई करा म्हटलं, तर ऐकूनच घेत नसत.

शेवटी अत्तराचं दुकान उरलं. सगळा माल हलवून झाला होता. रिकाम्या दुकानात मुनीरभाई खुर्चीवर एकटेच बसले होते, दार उघडं ठेवून. यंत्र शेजारी येऊन थांबलं होतं. चालवणाऱ्याला मुनीरभाईंनी आधीच चहा पाजला होता, त्यामुळे तोही खाली उतरून बघत उभा राहिला. सरांनी कौलं काढली, माडीची जाळी काढली, मुनीरभाईंना काढलं. मग पायरी. इथं त्यांचा टाक बराच वेळ थांबला.

कागद वाळल्यावर मी जवळ जाऊन पाहिला. पायरीवर एक माणूस बसला होता. पोतं शेजारी उतरवलेलं, मान वर केलेली. डोळ्यांना जे दिसतं त्यापलीकडं कधी न गेलेल्या सरांच्या चित्रात हा माणूस कुठून आला? समोर तर पायरी रिकामी होती. मी काही विचारण्याआधीच सर म्हणाले, "बसू द्या त्यांना. वर बघू द्या थोडं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मुनीरभाईंनी खुर्ची उचलून बाहेर आणली आणि दार तसंच उघडं सोडलं.

आज पेठेत रुंद रस्ता आहे. ज्यांची दुकानं गेली, ती माणसं सरांच्या घरी येतात, चित्र उलगडायला लावतात आणि आपापल्या दारावर बोट ठेवतात. सरांना यंदा पंच्याहत्तरावं वर्ष लागलं आहे. आता विश्रांती घ्या, असं त्यांना सांगायची माझी हिंमत नाही, कारण गेल्याच आठवड्यात त्यांनी मला पेठेमागची तांबट आळी दाखवली. तिथं लाल खुणा अजून आलेल्या नाहीत. या वेळी दोन्ही बाजू आधीच बघून ठेवल्यात, असं ते म्हणाले. मुनीरभाईंनी आळीच्या तोंडाशी पत्र्याचं नवं दुकान थाटलं आहे. त्याला पायरी नव्हती, ती त्यांनी मुद्दाम बांधून घेतली.

सरांच्या हाताला बळ राहो, डोळ्यांना उजेड राहो आणि तांबट आळी पुरी होऊन आणखी एखादी आळी खुणावेल एवढं निरोगी आयुष्य त्यांना लाभो. आळीतल्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे की सकाळी दारं उघडी ठेवा. मीही तिथं असेन, आणि या वेळी न सांगता बाजूला सरकून उभी राहीन.