आग्या मोहोळांच्या कड्याखाली

माघात मी भीमाशंकरला निघाले ती नवस फेडायला नाही, देवाशी भांडायला. आमचे हे आदल्या वर्षी गेले. भिसेगावहून खांडसला जायचं आणि तिथून अभयारण्यातल्या गणेश घाटाने डोंगर चढून बेल वाहायचा, हे आम्ही दोघांनी लग्नापासून कधी चुकवलं नव्हतं. एवढ्या चढणींचं हेच फळ का, हे मला एकदा तोंडावर विचारायचं होतं. मुलगी नको म्हणत होती, तरी एकटीच गेले.

अर्ध्या वाटेवर कड्याखाली चार-पाच तरुण बसले होते. वाळलेल्या पाचोळ्यात तीन दगड मांडून त्यांनी चूल पेटवली होती, शेजारी स्पीकर ठणाणत होता. वर कड्याला सुपाएवढी आग्या मोहोळं लटकलेली. झाडावरचं शेकरू चिडून ओरडत होतं. माझं डोकंच फिरलं.

"अरे, वर बघा तरी! जंगल आहे हे. विझवा आधी ते!"

"काकी, तुम्ही देवदेव करा ना, आम्हाला एन्जॉय करू द्या," एक जण म्हणाला आणि बाकीचे फिदीफिदी हसले.

मी पुढे निघाले, ती मनात देवाला जाब विचारतच. देवाच्या दारात असले लोक खुशाल हसतात, आणि कधी कुणाचं वाईट न केलेला माणूस जातो!

वीस पावलं गेले असेन, तोच मागून घोंघाट उठला. धूर मोहोळांपर्यंत पोचला होता. पहिला डंख मानेवर बसला. मी पदर झाडत पळू लागले, इतक्यात कारवीच्या जाळीतून ठाकूरवाडीतली एक बाई धावत आली. तिने पाठीवरचं गाठोडं सोडलं. सकाळपासून वेचलेले हिरडे उतारावरून घरंगळत गेले. गाठोड्याची चादर दोघींवर ओढून तिने मला खाली दाबलं.

"हात झाडू नको गं आक्का! निजून ऱ्हा."

तिचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. तेवढा वेळ माझ्या मनात एकही प्रश्न उरला नाही.

घोंघाट ओसरला तेव्हा पाचोळा पेटत वर सरकत होता. तरुण पळाले होते. मला काकी म्हणणारा तेवढा तोंड सुजून खडकाआड कण्हत होता.

"पडू दे मेल्याला," मी म्हणाले. खरंच म्हणाले.

"शिव्या मंग दे. आदी फांदी मोड."

हिरव्या फांद्यांनी झोडपून आम्ही आग विझवली. मग तिने त्याला स्वतःजवळचं पाणी पाजलं आणि नखांनी एकेक काटा काढला. काढता काढता त्याची पुरती खरडपट्टी काढली. "आमचं रान जाळतोस काय रं? तुज्या घरात चूल नाय?" तिचे हातही सुजले होते. तो रडत होता. दोघींनी धरून त्याला खांडसपर्यंत उतरवलं.

त्या दिवशी माझं दर्शन राहिलं. राग अजून आहे, त्या तरुणांवर आणि थोडा देवावरही. पण ती बाई माझ्याहून जास्त रागावली होती, तरी तिचे हात थांबले नाहीत. तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. हात जोडताना आता कारण मागत नाही. आजचं काम कोणतं, तेवढंच त्याला विचारते.