चार दिवसांची किक

नवऱ्याचा, समीरचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. हिंजवडीच्या अलीकडे बस नेहमीसारखी मुंगीच्या पावलांनी चालली होती. "बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि खरं सांगते, मनात पहिला विचार आला तो अगदीच भलता... आता मी किक मारताना शेजारी कोण उभं राहणार? सासरे गेल्याचं कळल्यावर सुनेला मोटारसायकल आठवावी, हे वाचून कुणी नाक मुरडेल. खुशाल मुरडा. ज्यांनी आमच्या बाबांना बंद पडलेली गाडी जागी करताना पाहिलंय, ते मुरडणार नाहीत.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. धायरी ते पिंपरी, सव्वीस वर्षं, त्या एकाच काळ्या, अवजड मोटारसायकलवरून. माझं लग्न झालं त्याच वर्षी कारखान्यात परदेशी यंत्रं आली आणि बाबांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचं पाकीट पडलं. "इच्छा कुणाची, ते मात्र पाकिटावर लिहिलं नव्हतं," असं ते म्हणायचे, तेही हसून. त्याच महिन्यात मला कॉम्प्युटरची नोकरी लागली होती. माझ्या पहिल्या दिवशी दारापर्यंत येऊन "डबा घेतलास ना?" असं विचारणारा हा माणूस स्वतः घरी बसला होता, याची तेव्हा मला लाजच वाटली होती. मग त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी सांगितलं, किक मारायची नाही. गाडी खाली पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली गेली आणि दोन वर्षं तिथंच राहिली. बाबांचं खाली जाणंही हळूहळू थांबलं. पेपर, खिडकी, जेवण, झोप. बोलायचे नीट, पण माणूस आतून आटत चालला होता आणि आम्हाला ते दिसत असून कुणी काही करत नव्हतं.

अशात डिसेंबरमध्ये सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या सुवाच्य अक्षरात सूचना लागली. 'पार्किंगमध्ये फक्त चालू वाहने ठेवावीत. पूर्वी चालू होती, अशी वाहने चालू समजली जाणार नाहीत. रविवारी पाहणी होईल.' समीर म्हणाला, देऊन टाकू भंगारात, नाहीतरी कोण चालवणार आहे. बाबा जेवत होते. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "गाडी गेली तर मी खाली कशाला येऊ?"

समीरला बिचाऱ्याला इतकं लागलं, की तो तसाच उठून खाली गेला आणि गाडीला दणादण किका मारत सुटला. शेवटी किक उलटली आणि घोटा सुजवून तो लंगडत वर आला. बाबा त्याच्या पायाला बर्फ लावत म्हणाले, झोपलेल्या माणसाला कधी लाथ मारून उठवतोस का रे? मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, मी मारते किक, तुम्ही सांगा तसं. मला तोवर साधी स्कूटीही धड येत नव्हती. समीर त्या दुखण्यातही हसला. बाबा हसले नाहीत. "सकाळी सहाला खाली ये," म्हणाले.

बुधवारी सहा वाजता स्वेटर, मफलर घालून, कंबर कसून मी हजर. त्यांनी ताडपत्री काढली, टाकीतलं जुनं पेट्रोल बाटलीत काढून घेतलं, मला हुंगायला लावलं. सुकून गेलेल्या रंगाच्या डब्यासारखा वास. बास, आजचं संपलं, म्हणाले. गुरुवारी प्लग काढून चहाच्या चमच्यानं आत थोडं तेल सोडलं आणि किकचा दांडा हातानं इतका सावकाश खाली दाबला, की मला वाटलं बाळाचा पायच चोळताहेत. इंजिन आत जाम झालं असतं तर सगळंच संपलं होतं. दांडा अडला... मग हलला. बाबांनी डोळे मिटले आणि मी पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर थंडीत घाम पाहिला. शुक्रवारी कार्बुरेटर उघडून आपल्या जुन्या टूथब्रशनं त्याचं एकेक भोक साफ केलं. बॅटरी चार्ज होऊन आली होती, नाना पेठेतून नवा प्लग आणला होता. माझी ऑफिसची घाईची सवय, मी विचारलं, हे सगळं एका दिवसात नसतं का झालं? "झालं असतं की," ते म्हणाले, "आणि मोडलंही असतं."

शनिवारी तोंडातून वाफ निघत होती. बाबांनी दाखवलं तसा दांडा आधी हळू दाबायचा, डायलवरचा काटा मधोमध येऊ द्यायचा, मगच सगळं अंग टाकायचं. मी किक मारली. गाडी खोकली आणि गप्प. पुन्हा खोकली, पुन्हा गप्प. दहा झाल्या, पंधरा झाल्या. गॅलऱ्यांमध्ये माणसं चहाचे कप घेऊन उभी राहिली. आमच्याकडे फुकटची करमणूक कोण सोडतंय? सेक्रेटरी कानटोपी घालून, हात मागं बांधून उभे. आईही, म्हणजे माझ्या सासूबाई, शाल घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आल्या होत्या. मला रडू यायचंच बाकी होतं. बाबांनी मला थांबवलं, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले, सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरला आणि म्हणाले, मार. मी मारली. तळव्याला वाराच लागला नाही. त्यांनी तळव्याकडे पाहिलं, मग दोन बोटं आत घालून काहीतरी ओढून काढलं.

साडीचा बोळा होता तो. आईंच्या जुन्या, हिरव्या सुती साडीचा. दोन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये उंदरांचा सुळसुळाट झाला होता. बाबांच्या गाडीत उंदीर शिरू नयेत म्हणून आईंनी गुपचूप तो ठासून बसवला होता आणि साफ विसरल्या होत्या. मी वळून पाहिलं, तर आईंचा चेहरा पांढराफटक. चार दिवसांची मेहनत, अख्खी सोसायटी बघतेय, आणि चूक त्यांची. बाबांची लोकांकडे पाठ होती. त्यांनी बोळा मुठीत चुरगळला, स्वेटरच्या खिशात घातला आणि उठता उठता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "प्लग गार आहे अजून. पुन्हा मार."

मी आजही त्या क्षणानं थक्क होते. आमच्या ऑफिसात कुणाचं एक अक्षर चुकलं तरी दहा जणांना मेल जाते. आणि हा माणूस, ज्याचं सगळं त्या गाडीत अडकलं होतं, त्याला बोळा काढून बायकोची अब्रू झाकायला एक श्वासही लागला नाही. असं माणसाला जमतं, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

पुढच्या किकला गाडी सुरू झाली. निळसर धुराचा लोट उठला, गॅलरीतलं कुणाचं तरी पोर टाळ्या पिटू लागलं. सेक्रेटरी नाकावर रुमाल धरून म्हणाले, फार धूर होतोय हो. बाबा म्हणाले, चालू वाहन आहे.

त्यानंतर सहा वर्षं, दर दोन-तीन दिवसांनी सकाळी मी किक मारायची आणि बाबांनी शेजारी उभं राहायचं. त्यांनी मला गाडी शिकवली, मागं बसून धायरीच्या चढांवर माझ्या शिव्या ऐकल्या, कोपऱ्यावरच्या टपरीवर नवे मित्र जोडले. त्या बोळ्याबद्दल मात्र घरात अवाक्षर नाही. मिठावरून भांडणारं जोडपं ते, पण ऐन भांडणातही नाही.

बाबा गेले आणि आई घराबाहेर पडेनाशा झाल्या. पौर्णिमा चुकवली, बुद्धविहारात गेल्या नाहीत. पाच आठवडे गाडीही उभीच होती. गेल्या आठवड्यात थंडी वाढली तशी मला राहवेना. बुधवारी पेट्रोल काढलं, गुरुवारी तेल सोडलं, शुक्रवारी ब्रश फिरवला. एका दिवसात झालं असतं, पण माझी टाप नव्हती. शनिवारी सातव्या किकला गाडी सुरू झाली, आणि शेजारची जागा मोकळी बघून मी टाकीवर डोकं टेकून हमसून रडले.

डोळे पुसले तेव्हा आई जिना उतरून येत होत्या. पायात चपला, अंगावर शाल. त्यांनी पदर खोचला आणि मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. कुठं जायचं, मी विचारलं.

"पिंपरीला ने," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं डबा भरून दिला. कुठं बसून खायचे, ते कधी पाहिलंच नाही मी."

कारखाना केव्हाच पाडलाय. तिथं आता काचेची उंच इमारत आहे. मी स्वतः पाहिलीय. डबा खायची जागा तर सोडाच, जुन्या फाटकाची एक वीटही उरलेली नाही.

"अजून गार आहे इंजिन," मी म्हणाले. "हळूहळू जाऊ." आणि पहिला गिअर टाकला.